शॅनाचा प्रश्न

ओलीटा मॅगर्डला एक गोष्ट मुळीच खपायची नाही, ती म्हणजे अर्धवट सांगणं. कमरेला पिस्तूल लावून, ते कुणाला दिसू न देता चारचौघांत कसं वावरायचं, हे ती कित्येक वर्षं चर्चच्या मागच्या खोलीत शिकवत होती. शिकवताना तिचा आवाज असा लागायचा की कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेले धटिंगण गडीसुद्धा शाळेतल्यासारखे सरळ बसायचे. आता तिने पुस्तिका लिहिली होती. ज्याने आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही, त्यालाही पहिल्या वाचनात कळावी अशी. सोमवारी ती छापखान्यात द्यायची होती.

आणि खरं सांगायचं तर पुस्तिका चांगलीच होती. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पट्टा जाड हवा, होल्स्टरने, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाने, चाप पूर्ण झाकलेला हवा, रोजची जागा बदलू नये, गर्दीत सारखा हात लावून चाचपू नये, सगळं साध्या शब्दांत होतं. एक वाक्य तर तिने ठळक अक्षरांत घ्यायला सांगितलं होतं: ‘ज्याच्या कमरेला पिस्तूल, त्याने भांडणात हरायला शिकावं.’ मिठीवर एक वेगळा परिच्छेद होता. कारण त्या खाणींच्या डोंगराळ मुलखात माणसं भेटली की हात मिळवत नाहीत, सरळ मिठी मारतात, आणि समोरच्याचे हात नेमके कमरेवर येतात. म्हणून कोपर अंगाशी धरायचं आणि मोकळी बाजू पुढे करायची. हे असलं बारकाईचं तिच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी तिचा नवरा कोय स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळी पानं वाचून उठला. कोय म्हणजे बोलायला कंजूस. एक वाक्य बोलायचं तर तीनदा घसा खाकरेल. पानं नीट जुळवून त्याने एवढंच विचारलं, “शॅनाचा प्रश्न कुठंय यात?”

ओलीटाने भांडी आपटली. तो प्रश्न तिला आठवायचाच नव्हता.

झालं होतं असं. शॅना कॉडिल ही वर घळीत एकटी राहणारी बाई, पदरी सहा वर्षांची पोर, पर्ल. नवऱ्याला सोडलं होतं, पण नवरा सोडत नव्हता. त्याची गाडी अधूनमधून तिच्या वाटेच्या तोंडाशी दिवे बंद करून उभी राहायची. वसंतात ती ओलीटाच्या वर्गात आली. सगळ्यांच्या मागे बसायची, एकही शब्द चुकवायची नाही. एकदा तिने शाळकरी पोरीसारखा हात वर केला आणि विचारलं, “संडासात गेल्यावर याचं काय करायचं?”

खोलीत हशा पिकला. ओलीटाही हसली, आणि वर म्हणाली, “घरून जाऊन यायचं, बाई.” मग तर लोक बाकं बडवायला लागले. शॅना कानांपर्यंत लाल झाली. त्यानंतर तिने वर्गात पुन्हा तोंड उघडलं नाही.

“चर्चच्या पैशाने छापतेय मी,” ओलीटा आता कोयला म्हणाली. “आपला पाद्री, ब्रदर डेन्वर, सुरुवातीला आशीर्वादाचे चार शब्द लिहितोय. त्याच्या खाली संडास घालू?”

कोयने घसा खाकरला. “तुझी पुस्तिका वाचून माणूस दरोडेखोराला तोंड देईल,” तो म्हणाला, “पण पेट्रोल पंपावर लघवीला गेला की अडकेल.”

यावर तिने त्याला बरंच काही सुनावलं. एवढी साधी अक्कल ज्याला नाही त्याने पिस्तूल बाळगूच नये, असं म्हणाली. असलं छापलं तर आपल्यासारख्या लोकांची जगात शोभा होईल, असंही म्हणाली. कोय ‘बरं’ म्हणून कुत्र्याला फिरवायला निघून गेला. त्या बाईला वाद जिंकायची फार हौस. आणि वाद जिंकला की आपण बरोबरच होतो असं माणसाला वाटायला लागतं, तिथंच घोटाळा होतो.

दुसऱ्या दिवशी चर्चचा वार्षिक मेळावा होता. गाव सोडून ओहायोत गेलेलेसुद्धा त्या रविवारी परत येतात. प्रार्थना आत होते आणि जेवण बाहेर, कबरस्तानाशेजारच्या झाडांखाली. लांबलचक टेबलांवर तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग, आणि कुणाचं भांडं आधी रिकामं होतं यावर बायकांची छुपी चढाओढ. ओलीटाने त्या दिवशी नेहमीची जाड पट्ट्याची जीन्स न घालता ठेवणीतली निळी पँट घातली होती. तिचा पट्टा नाजूक, चपलेच्या बंदाएवढा. पिस्तूल मात्र रोजचंच, रोजच्याच जागी, उजव्या बाजूला, वरून लोकरीचा सैल स्वेटर. रोजची जागा बदलू नये हे तिने पाळलं होतं. पट्टा जाड हवा, हे मात्र लिहिणाऱ्याला लागू नसतं ना!

प्रार्थना संपल्यावर ती चर्चच्या मागच्या बाजूच्या संडासात गेली. जुनं लाकडी बांधकाम, दोन खण, दाराला आतून लोखंडी आकडी. नाजूक पट्टा सोडला तसं होल्स्टर उलटं व्हायला लागलं, पिस्तूल लोंबायला लागलं. तिने वैतागून होल्स्टरसकट ते काढलं आणि दाराशेजारच्या फळीवर बसवलेल्या, कागदाची गुंडाळी ठेवायच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलं. फक्त मिनिटभर, असं मनात म्हणाली. सगळे मनात हेच म्हणतात.

तेवढ्यात बाहेर हात धुवायला दोघी आल्या. त्यांचं बोलणं आत स्पष्ट ऐकू येत होतं. एक म्हणत होती, ओलीटाची पुस्तिका येतेय म्हणे. दुसरी म्हणाली, तिच्याइतकं काटेकोर माणूस या खोऱ्यात नाही, मी माझ्या दोन्ही सुनांना घेऊन देणार आहे. आता कौतुक कुणाला नको असतं? ओलीटाने लगबगीने पँट चढवली, स्वेटर खाली ओढला, साखळी ओढली आणि त्या दोघी निघून जायच्या आत चेहरा हसरा करून बाहेर आली. अय्या, तुम्ही होय, असं म्हणाली. हात धुता धुता तिघींच्या गप्पा झाल्या, आणि गप्पा मारत मारत तिघी उन्हात गेल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय म्हणायचं.

ब्रदर डेन्वरने जेवणाची प्रार्थना म्हटली. ती नेहमीप्रमाणे लांबली. रांग लागली. ओलीटाने ताट घेतलं, कोंबडीची तंगडी उचलली, आणि तेवढ्यात म्हातारी झेला समोरून आली. झेलाला डोळ्यांनी कमी दिसायचं, त्यामुळे ती माणसाला ओळखायची तीच मुळी मिठीत घेऊन. तिने दोन्ही हात पसरले. ओलीटाचं उजवं कोपर सवयीने अंगाशी आलं, कमरेवरच्या त्या कठीण उंचवट्यावर टेकायला.

कोपराला नुसती लोकर लागली.

झेला तिच्या गळ्यात पडून ओहायोच्या नातवाचं काहीतरी सांगत होती आणि ओलीटा डाव्या हाताने स्वतःची कंबर चाचपत होती. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग तिला तो पत्र्याचा डबा दिसला, डोळ्यांसमोर उभा राहावा तसा. ताट तिने झेलाच्या हातात दिलं. धावायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. धावलं तर दहा जण मागून येतील. म्हणून ती झपझप चालत निघाली, आणि साधं चालणं तिला उभ्या जन्मात एवढं कठीण गेलं नव्हतं.

वाटेत तिला चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या लहान मुली दिसल्या, ओल्या हातांनी एकमेकींवर पाणी उडवत परत येणाऱ्या. म्हणजे पोरींना जेवणाआधी हात धुवायला पाठवलं होतं. तिने त्यांचे चेहरे बघितले. सगळ्या हसत होत्या. मग जरा जिवात जीव आला. पण आत पाऊल टाकलं, तर दुसऱ्या खणाचं दार बंद होतं. तिचाच खण. दाराखाली तळहाताएवढी फट. त्या फटीत एका पट्ट्याचे पांढरे बूट आणि पिवळे मोजे. पर्लच्या पायांतले ते मोजे सकाळीच तिने वाखाणले होते.

आतून काहीही आवाज येत नव्हता. पाण्याचा नाही, कागदाचा नाही.

ओरडलं तर पोर दचकेल. दार हलवलं तर पोर दचकेल. नाहीच बोललं तर हात पुढे जाईल. होल्स्टरने चाप झाकलाय, हे तिला माहीत होतं. पण पिस्तूल होल्स्टरमधून ओढायला काय लागतं? कुतूहल असलं की पुरे. आणि आत काडतुसं भरलेली होती, कारण रिकामं पिस्तूल बाळगणं म्हणजे न बाळगणं, हेही तिनेच लिहिलं होतं. तिने एक श्वास घेतला आणि ओट्याशी उभं राहून शेजारणीला मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, “पर्ल, आत तूच आहेस ना गं?”

“हो, मिस ओलीटा.”

“शहाणी. तुझे हात कुठे आहेत?”

“पाठीशी.”

ओलीटाने डोळे मिटले. ईस्टरच्या सुमारास तिनेच लहान मुलांना एक ओळ पाठ करून घेतली होती. कुठेही बंदूक दिसली, तर ‘हात पाठीशी, पाय दाराशी, गोष्ट मोठ्यांशी’. आधी हात मागे बांधायचे, मग तिथून निघायचं, मग मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांनी टाळ्या वाजवत ते म्हटलं होतं आणि नंतर ती विसरूनही गेली होती.

“आणि पाय?” तिने विचारलं.

आतून रडवेला आवाज आला. “पाय दाराशी येत नाहीत. बंदूक दाराशीच आहे. आकडी काढायची तर हात तिच्याजवळ जातो.”

अरे देवा. पोर आत गेली, तिने आकडी लावली आणि मग मान वळवून वर बघितलं. तेव्हापासून ती तिथेच उभी होती. हात लावू नको म्हणून सांगितलेलं, आणि निघून जायचं तर पिस्तुलाच्या अंगावरून हात न्यायचा. एवढ्याशा जिवाने त्यातून काय वाट काढावी? तिने दोन्ही नियम पाळले आणि खांबासारखी उभी राहिली. मैत्रिणी हात धुऊन गेल्या तरी हाक मारली नाही, कारण गोष्ट मोठ्यांना सांगायची होती.

“तू अगदी बरोबर केलंस,” ओलीटा म्हणाली. “आता मी बाहेरून आकडी काढते. तू जागची हलू नकोस.”

तिने खिशातून पाकीट काढलं. दार आणि चौकटीच्या फटीतून जाईल असं पातळ, कडक काय होतं? पिस्तूल बाळगायचा परवाना होता, प्लॅस्टिकचा, तिचा फोटो असलेला. तो तिने फटीत घातला आणि खालून वर सरकवायला लागली. दार पावसाळी हवेने फुगलेलं. परवाना आकडीला टेकला आणि वाकला. तिने जरा जोर लावला. दाराबरोबर शेजारची फळीही हादरली, फळीवरचा डबा वाजला, आणि पत्र्यावरून काहीतरी खरखरत सरकलं.

“ती हलली,” पर्ल म्हणाली.

“तू हलू नकोस. भिंतीकडे तोंड कर. असं. हात पाठीशीच.”

बूट वळले. टाचा आता दाराकडे होत्या. मग त्या बुटांच्या मधून पाण्याची एक बारीक धार आली आणि फरशीवर पसरत दाराखालून ओलीटाच्या बुटापर्यंत पोचली. पोर ज्या कामासाठी आली होती, ते तिने तोवर धरून ठेवलं होतं. आत ती हुंदकेही दाबूनच देत होती, अंग हलू नये म्हणून. ओलीटाला वाटलं, आपण इथेच मरून पडावं. पण मरायला सवड नव्हती. तिने डाव्या हाताने दार आपल्याकडे घट्ट ओढून धरलं, म्हणजे ते हादरणार नाही, आणि परवाना पुन्हा आत घातला, आडवा, कडेवर. आकडी वर आली, पुन्हा पडली. पुन्हा वर आली. खळकन बाजूला गेली.

दार उघडलं. पिस्तूल डब्याच्या अगदी कडेला आलेलं, अर्धं हवेत. तिने ते उचललं, कमरेला लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग त्या ओल्या फरशीवर, ठेवणीतल्या निळ्या पँटसकट, गुडघे टेकले. पर्ल अजूनही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकवलेली की नखं पांढरी पडली होती.

ओलीटाने ती बोटं एकेक करून सोडवली. स्वतःचा स्वेटर काढून पोरीच्या कमरेला बांधला, म्हणजे ओला झगा दिसणार नाही. स्वेटर निघाल्यावर पिस्तूल उघडं पडलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. सगळ्या जन्मात तिने ते कधी कुणाला दिसू दिलं नव्हतं. आता तिला त्याचं काही वाटलं नाही.

“आता गोष्ट मोठ्यांशी,” पर्ल नाक पुसत म्हणाली. “तुम्ही मोठ्याच आहात. तुम्हाला सांगितली, तर झालं ना?”

‘झालं’ हा शब्द ओलीटाच्या जिभेवर आला होता. किती सोपं होतं. पोरीला पुडिंग द्यायचं, पाणी सांडलं म्हणून झगा ओला झाला असं सांगायचं, की वर्ग शाबूत, पुस्तिका शाबूत, खोऱ्यातलं सगळ्यात काटेकोर माणूस शाबूत. पोर कुणाला बोलली नसती. नियम पाळणारी पोर होती ती, आणि नेमकं तेच ओलीटाच्या काळजाला लागलं. ज्या ओळीने हिला वाचवलं, तीच आपण आता हिच्याकडून मोडून घ्यायची?

“नाही,” ती म्हणाली. “आईला सांगायची.”

“कुणाची होती ते पण सांगू?”

“ते पहिल्यांदा सांग.”

दोघी हात धरून टेबलांकडे गेल्या. शॅना गार चहाची बरणी घेऊन लोकांचे पेले भरत होती. तिने आधी लेकीच्या कमरेचा स्वेटर बघितला, मग लेकीचं तोंड, मग ओलीटाची कंबर. पर्लने सगळं सांगितलं, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. आकडी, डबा, हात, पाय, सू झाली तेही. आवाज बारीक होता, पण आजूबाजूचं बोलणं आपोआप थांबत गेलं. ज्या दोघी हात धुताना कौतुक करत होत्या, त्या ताटात बघायला लागल्या. झेला ओलीटाचं ताट अजून हातात धरून उभी होती. लोक म्हणत होते काय झालं, आणि बाजूचे त्यांना गप्प करत होते.

“माझी चूक आहे,” ओलीटा म्हणाली. “मी तिथं ठेवलं आणि विसरले.”

शॅनाने बरणी खाली ठेवली. ओलीटा शिव्यांना तयार होती, थोबाडीत बसली असती तरी तिने गाल पुढे केला असता. शॅनाने लेकीला कडेवर घेतलं, सहा वर्षांची घोडी असली तरी. आणि अगदी शांतपणे, वर्गात विचारलं होतं त्याच आवाजात म्हणाली, “मी विचारलं होतं.”

एवढंच. त्या टेबलांवर अशी बरीच माणसं होती, जी त्या दिवशी वर्गात बाकं बडवून हसली होती. त्यांतलं कुणी मान वर करून बघेना. शॅना पोरीला घेऊन गाडीकडे गेली.

सोमवारी ओलीटाने छापखान्यात फोन करून काम थांबवलं. कोयने कारण विचारलं नाही, उलट त्या दिवशी भांडी त्याने घासली. वर्ग तिने बंद ठेवला. ब्रदर डेन्वर येऊन गेला, चूक काय, कुणाच्याही हातून होते, असं काहीतरी म्हणाला. तिने त्याला कॉफी दिली आणि वाटेला लावलं. रोज सकाळी ती टेबलाशी बसायची आणि एकच पान लिहायची, फाडायची, पुन्हा लिहायची. आता ते पुस्तिकेचं पहिलं पान होणार होतं.

ते पान घेऊन ती एक दिवस वर घळीत गेली. वाटेच्या तोंडाशी मातीत जाड चाकांचे ताजे माग होते. शॅनाने जाळीचं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. ओलीटाने दाराबाहेरूनच पान पुढे केलं. शॅना उभ्या उभ्या वाचायला लागली. पिस्तूल कधीच कशावर ठेवू नका. डब्यावर नाही, खुंटीवर नाही, जमिनीवर नाही. ते होल्स्टरमध्ये, पट्ट्याला, तसंच राहू द्या. पँट खाली सरकवली की पट्ट्याचं बक्कल पुन्हा लावा, म्हणजे ते गुडघ्यांशी राहील आणि त्याच्याशिवाय तुम्हाला उठताच येणार नाही. खाली, हे का लिहिलं, तेही होतं. पोरीचं नाव नव्हतं, ओलीटाचं होतं.

वाचून झाल्यावर शॅनाने वाटेच्या तोंडाकडे एकदा बघितलं.

“तू माझ्यावर रागावलीस तर ते बरोबरच आहे,” ओलीटा म्हणाली.

“मला रागावून चालणार नाही, मिस ओलीटा,” शॅना म्हणाली. “ती गाडी परवा पण आली होती.” मग तिने पानावर बोट ठेवलं. “हे मला कळलं नाही. बक्कल लावलं, ठीक. पण पोर बरोबर असली, आणि ती मधेच दार उघडून बाहेर पळाली तर?”

याबद्दल पानावर एक अक्षर नव्हतं. ओलीटा तिथेच पायरीवर बसली, खिशातून पेन्सिल काढली आणि शॅनाच्या हातातलं पान घेऊन गुडघ्यावर उलटं ठेवलं.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली. “सावकाश सांग.”